आनंदाच्या मेळाव्याला वर्ष झालं

जांगिल खोटं बोलत नसे, पण खरं सांगायला उशीर फार करी. तिची आई म्हणायची, "हिच्या तोंडून खरं काढायचं म्हणजे अडून बसलेली मेंढी ओढ्यापार नेण्यासारखं आहे. ढकलत बसा!" चाळिशी उलटली, मुलगी कॉलेजात गेली, तरी हे व्यंग काही गेलं नव्हतं. एरवी बाई कामाला चोख होती.

काम होतं एर्मेकच्या कचेरीत. बिश्केकच्या कडेला त्याचं मोठं गोदाम होतं. लोकरीच्या नमद्याचे गोल तंबू, कढया, कपबश्या, बुटकी मेजं असं सगळं तो भाड्याने देई. लग्न असो, बाळाला पाळण्यात घालायचं असो की घरात कुणी गेलेलं असो, अंगणात तंबू लागतोच. लग्नात पाहुणे त्यात बसतात. मरणाच्या घरी तिथे देह ठेवतात आणि बायका त्याच्याशेजारी बसून शोक करतात.

गिऱ्हाइकांना निरोप पाठवण्याचं सॉफ्टवेअर जांगिल सांभाळी. सणाला शुभेच्छा, वाढदिवसाला अभिनंदन, तंबू नेल्याला वर्ष झालं की आठवण, असं सगळं ते आपोआप पाठवी. मजकूर रशियनमध्ये लिहिलेला असे आणि खेड्यांतल्या गिऱ्हाइकांसाठी तो किरगिझमध्ये करावा लागे. ते काम सोनुनबू एजे, म्हणजे सोनुनबूताई, करत. या जांगिलच्या शाळेतल्या बाई. निवृत्त झाल्यावर जांगिलनेच त्यांना हे काम मिळवून दिलं होतं. प्रत्येक निरोप आधी एजेंच्या पडद्यावर येऊन थांबे. त्या चष्मा लावून तो आपल्या भाषेत करीत, गिऱ्हाइकाचं नाव पाहत आणि मगच पुढे सोडत. काही निरोप मात्र त्या अडवून धरत. का, ते लिहीत नसत. फक्त "हे घर नको" एवढंच.

जांगिलला कारण ठाऊक होतं. कचेरीच्या फॉर्मवर लग्न होतं, बारसं होतं, वाढदिवस होता, पण मरण नव्हतं. एर्मेकनेच ते घालू दिलं नव्हतं. "तो शब्द माझ्या फॉर्मवर नको. रोज डोळ्यासमोर अपशकुन!" आणि फोन करणारेही तो शब्द उच्चारत नसत. "एक तंबू पाहिजे, आजच," एवढंच म्हणत. मग त्यांची नोंद "कौटुंबिक मेळावा" या सदरात होई. रंगीत पडदे नकोत, गालिचे नकोत, एकच तंबू आणि तोही आजच्या आज. असलं लग्न कुणी करत नाही, हे किरगिझ माणसाला सांगावं लागत नाही.

सोनुनबू एजेंचे यजमान शाइलोबेक वारले, तेव्हा तंबू जांगिलनेच पाठवला होता. नोंदही तिनेच केली होती. कौटुंबिक मेळावा.

त्यानंतर एजेंचा हात जरा मंदावला. डोळ्यांना पाणी येई, निरोप साठून राहत. एर्मेक जांगिलच्या मागे येऊन उभा राहू लागला.

"तुझ्या बाई निरोपांचं भाषांतर करतात की गालिचा विणतात? सगळे लोक यंत्राकडून करून घेतात आता. जोडून टाक."

जांगिलने निरोपांचं सॉफ्टवेअर भाषांतराच्या सेवेला जोडलं. तिकडून मिळालेली सांकेतिक चावी इकडे घातली, चाचणी घेतली. यंत्राची किरगिझ भाषा स्वच्छ होती, बोट ठेवायला जागा नव्हती. शेवटी पडद्यावर एक प्रश्न आला: पाठवण्यापूर्वी माणसाने तपासावं का? 'हो' म्हटलं असतं तर निरोप पुन्हा साठले असते आणि एर्मेक पुन्हा पाठीशी येऊन उभा राहिला असता. तिने 'नाही' केलं. करताना एजे अडवून धरत ती घरं तिच्या मनात आली होती. आली नव्हती असं तिला पुढे कधीच म्हणता आलं नाही. "नंतर बघू," ती स्वतःशी म्हणाली, आणि चहाला उठली.

एजेंना तिने फोनवर सांगितलं, "एजे, आता जरा विश्रांती घ्या."

"विश्रांतीच तर चालली आहे गं घरात," पलीकडून उत्तर आलं. "बरं."

शरद ऋतूत एका सकाळी सोकुलुक गावाहून एका माणसाचा फोन आला आणि त्याने एर्मेकच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझा मुलगा गेला, त्याला वर्ष होतंय, आणि तुम्ही माझं अभिनंदन करता? जांगिलने गेलेल्या निरोपांची यादी उघडली. असली बरीच घरं होती. त्यांत सोनुनबू एजेही होत्या.

'प्रिय सोनुनबू! तुमच्या आनंदाच्या मेळाव्याला वर्ष झालं. हा आनंद पुन्हा अनुभवा! दुसऱ्यांदा तंबू नेणाऱ्यांना खास सवलत.'

"यंत्राची चूक म्हणून कळव सगळ्यांना," एर्मेक म्हणाला. "आणि तू काय अशी पांढरीफटक पडलीस? तू थोडंच लिहिलंस ते?"

तिने माफीचा मजकूर लिहिला, पण पाठवला नाही. यंत्राची चूक हे शब्द तिला बोटांनी पुढे ढकलवेनात. तपासणी मात्र तिने लगेच पुन्हा चालू केली. आठवडाभर ती एजेंच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरली. शेवटी पाव आणि साखर घेऊन ती त्यांच्या दारात उभी राहिली.

एजे काळ्या कपड्यांत, काळा रुमाल बांधून बसल्या होत्या. वर्षश्राद्धाची मेजवानी तोंडावर आली होती. ती झाली की बायका त्यांचा काळा रुमाल सोडून पांढरा बांधणार होत्या. सून स्वयंपाकघरात कणकेचे बोर्सोक तळत होती. जांगिलने प्रार्थना म्हटली, तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि चहाच्या वाटीकडे बघत राहिली.

"सवलत आहे म्हणे दुसऱ्यांदा," एजे म्हणाल्या. "पण पोरी, पुरायला दुसरा नवरा कुठून आणू? तोही सवलतीत मिळतो का तुमच्याकडे?"

आतून सुनेच्या हसण्याचा आवाज आला आणि एकदम थांबला.

"एजे, ते यंत्र..."

"हो, यंत्राला काय कळतं? भाषा मात्र चांगली होती. एक चूक नाही. मी असते तर पैकीच्या पैकी दिले असते."

आता उठावं, एजेंच्या गळ्यात पडावं आणि घरी जावं, असं जांगिलला फार वाटलं. वाट मोकळी होती, आणि ती एजेंनीच करून दिली होती.

"यंत्र नाही, एजे," ती म्हणाली. "त्याने मला विचारलं होतं, माणसाने तपासायचं का. मी नाही म्हटलं. तुमच्यासारखी घरं मला तेव्हा आठवली होती, तरी म्हटलं."

एजेंनी तिच्या वाटीत चहा ओतला. अर्धीच भरली, पाहुण्याला आदराने ओततात तशी.

"माहीत आहे मला. माझ्या पडद्यावर रोज तोच प्रश्न यायचा ना, 'सोडू का?' म्हणून. तो आपोआप बंद कसा पडेल? कुणीतरी पाडलाच असणार. तू कधी येतेस याचीच वाट बघत होते. शाळेतही काच फोडलीस की तुला आठवडा लागायचा."

"परत कामावर या. मी एर्मेकशी बोलते."

"नाही येत. तुझे डोळे चांगले आहेत. तू वाच." मग त्या म्हणाल्या, "बाकीच्या घरी गेलीस?"

"फोन करणार आहे."

"दुःखाच्या घरी फोन करतात का गं? कुठली तू, परदेशातून आलीस? पायांनी जायचं."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. जांगिलनेही विचारलं नाही. निघताना दारात एजे म्हणाल्या, "शुक्रवारी लवकर ये. मेजवानीसाठी घोडा कापणार आहेत. आतडी धुवायला हात कमी आहेत."

आतडी धुवायला परक्या बाईला कुणी बोलावत नाही. हे कळूनही जांगिलला हलकं वाटलं नाही. उलट छातीवरचा दगड जरा आत सरकला.

ती घरोघर गेली. सोकुलुकच्या त्या माणसाने तिला फाटकाबाहेरच उभं ठेवलं, सगळं ऐकून घेतलं आणि कुत्र्याला आत घेऊन फाटक लावलं. एका म्हातारीने तिला जेवायला घातलं, ते जास्त कठीण गेलं.

शुक्रवारी पाटाच्या गार पाण्यात ती सोनुनबू एजेंच्या जावांबरोबर आतडी उलटी करून धूत बसली. हात बधिर झाले होते. कोटाच्या खिशात फोन थरथरला, पुन्हा थरथरला.

"कुणाचा गं एवढा?" शेजारची जाऊ म्हणाली. "नवरा भुकेला आहे वाटतं!"

"कामाचा आहे," जांगिल म्हणाली. "निरोप आलेत, मी वाचल्याशिवाय पुढे जात नाहीत."

"मग वाच की."

"थांबतील," ती म्हणाली आणि पुढचं आतडं हातात घेतलं. अंगणात उभ्या केलेल्या तंबूच्या दारातून एजे बाहेर आल्या. काळा रुमाल बांधायचा त्यांचा हा शेवटचा दिवस होता. त्यांनी जांगिलकडे पाहिलं. जांगिलने मान खाली घातली आणि आधी धुतलेलंच आतडं पुन्हा एकदा धुतलं.