माझ्या हातचं पंचामृत

ज्याच्या अंतरंगात सद्गुरूंचा वास असतो, त्याच्या हातचं अन्न प्रसाद होतं, असं आमच्या मठाच्या भिंतीवर संगमरवरात कोरलेलं आहे. त्या हिशोबाने डोंबिवलीतल्या या मठात दर गुरुवारी पंचामृत कालवणारी मी साधनेत बरीच पुढे गेलेली असणार. प्रत्यक्षात हे काम सासूबाईंकडून माझ्याकडे आलं, आणि सोडायला चांगलंसं कारण सापडेना म्हणून राहिलं. चांदीच्या पादुका, त्यांच्यावर छत्री, छत्रीवर पुन्हा फिरता पंखा, या सगळ्याकडे मी जरा लांबूनच पाहत आले. पंचामृत मात्र मन लावून करायचे. हाताने कालवल्याशिवाय मध आणि तूप नीट मिळून येत नाहीत. लोक म्हणत, ताईंच्या हाताला वेगळीच चव आहे. ते ऐकायला मला आवडायचं, हेही खरंच.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझी नात ईरा तापाने आजारी पडली. वय पाच. लेक आणि जावई दोघंही नोकरीला, त्यामुळे दिवसभर ती माझ्याकडेच असते. कल्याणच्या एका रुग्णालयात तिला दाखल केलं, तेव्हा ठाण्याच्या प्रयोगशाळेतली एक तरुण डॉक्टर निळी बर्फपेटी घेऊन आली. औषधांना दाद न देणारा टायफॉइड आणि लहान मुलांचे जुलाब यांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. औषध सुरू होण्याआधी ईराचं थोडं रक्त तिला हवं होतं. मी लेकीला म्हणाले, पोर आहे ती, बेडूक नव्हे. लेक म्हणाली, "आई, तू जरा गप्प बस," आणि तिने सही केली.

इंजेक्शनं सुरू झाली. दोन-चार दिवसांत ताप उतरेल असं सगळे सांगत होते, आणि तो उतरेना. पोट फुगलं. एरवी झोपेतसुद्धा बडबडणारी ईरा बोलायची थांबली. मोठ्या डॉक्टरांनी आतड्याला भोक पडण्याची भीती बोलून दाखवली आणि जावई भिंतीला टेकून खालीच बसला. मी जिना उतरून तळमजल्यावर गेले. तिथे कोनाड्यात गणपती आहे, त्याच्यापुढे विजेची समई. नवस बोलणाऱ्यांची मी आयुष्यभर थट्टा केली. देवाला काय लाच द्यायची, म्हणायचे. त्या दुपारी प्लगला लावलेल्या त्या समईसमोर मी हात जोडले आणि म्हणाले, माझं काय हवं ते घे, हिला ठेव. डोळे उघडले तर बाजूला तीच डॉक्टर मुलगी उभी होती, हातात बर्फपेटी.

"तुम्ही ईराच्या आजी ना? वर सांगून आलेय, म्हटलं तुम्हालाही सांगावं. तिच्या रक्तात वाढलेला जंतू या इंजेक्शनला जुमानत नाही. दुसऱ्या एका औषधाला जुमानतो. ते आत्ताच सुरू करतायत."

औषध बदललं. ताप हळूहळू ओसरला. एका सकाळी ईराने माझ्याकडे पाहून विचारलं, "आजी, तू अंघोळ नाही केलीस?" मी बाहेर जाऊन रडले. हा चमत्कार होता की प्रयोगशाळेचा नित्यक्रम, याचा वाद मी घातला नाही. कधी नव्हे ती वाद घालायची इच्छाच नव्हती.

घरी सोडायच्या आधी ती मुलगी पुन्हा आली आणि ईराला कोण भरवतं ते विचारू लागली. मी अभिमानाने सांगितलं, मीच. दुसऱ्या कुणाच्या हातचं ती खातच नाही.

"मग आजी, राग मानू नका, आधी तुमचाच नमुना लागेल. शौचाचा."

मी राग मानला. नमुना दिला.

पुढच्या आठवड्यात ती डॉक्टर मुलगी आमच्या घरी आली, पाणीही न घेता समोर बसली आणि तिने सांगितलं. ईराच्या रक्तातला जंतू आणि माझ्या पोटातला जंतू एकच होते. टायफॉइड मला कधीतरी येऊन गेला असणार, कदाचित मला कळलंही नसेल. जंतू पित्ताशयातल्या खड्यांच्या आश्रयाने राहिला, मला काहीही न करता. शब्द ऐकू येत होते, अर्थ पोचत नव्हता. मग पोचला, आणि मी मांडीवरच्या माझ्या हातांकडे पाहिलं. रोज साबणाने धुतलेले हात. ते कुठे ठेवावेत तेच मला सुचेना. दर गुरुवारी पुढे आलेले सगळे तळवे आठवले. त्यात लहान मुलांचे कितीतरी.

मठाच्या विश्वस्तांना, म्हणजे दादांना, मी हे सांगितलं. ते म्हणाले, "ताई, हे बाहेर बोलू नका, लोकांची श्रद्धा तुटेल." मी म्हटलं, दादा, श्रद्धा तुटली तर सांधता येते, आतडं फाटलं तर कठीण असतं. त्या गुरुवारी आरतीनंतर मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. मग मागून पाटीलकाकू म्हणाल्या, "म्हणजे आता आमच्या पोरांना तपासायला कुठे न्यायचं, ते सांग." कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. त्याची तयारी करून गेले होते, म्हणून ते जास्त लागलं.

दिवाळीनंतर ठाण्याला माझं पित्ताशय काढलं. नवसात काय हवं ते घे म्हटलं होतं, आणि मागितलं गेलं ते नेमकं पित्ताशय. मी मोठ्या त्यागाच्या तयारीत होते.

ईरा आता शाळेत जाते. तिला तिचे बाबा भरवतात, वाईट भरवतात, तरी ती खाते. मी टेबलाच्या पलीकडे हात मागे घेऊन बसते. शरणागती म्हणजे हात जोडणं असं मला वाटायचं. हात आवरणं हीही शरणागतीच आहे, आणि जास्त अवघड आहे, हे मला या वयात कुणीतरी शिकवलं. कुणी, ते मी ठरवलेलं नाही. ज्याने कुणी शिकवलं त्याची मी ऋणी आहे. लागोपाठचे सगळे नमुने स्वच्छ आले की ईराला पुन्हा माझ्या हाताने वरणभात भरवता येईल. पुढचा नमुना शुक्रवारी सकाळी द्यायचा आहे. आदल्या दिवशी गुरुवारचा उपास करू नका, असं त्या मुलीने बजावलं आहे. रिकाम्या पोटी काही मिळत नाही.