एकसष्ट रिकामे चौकोन

माया जाधवला मी ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ओळखतो. लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर तिचं घर. तिचे वडील राजरत्न ज्या मिलमध्ये होते, तिच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत ती आता नोकरी करते, दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालून. रविवारी विहारात पोरांना कॉम्प्युटर शिकवते. आवाज कधी चढवत नाही, पण प्रश्न इतके विचारते की माणूस कंटाळावा. मला तिचा राग येतो, कारण तिचे प्रश्न बहुतेक वेळा बरोबर असतात.

मी सीताराम परब, कमिटीचा सेक्रेटरी. बावीस वर्षं चाळीचं रजिस्टर माझ्या हातचं. पद्धत ठरलेली: खोलीचा नंबर एकदाच, समोर कर्त्या पुरुषाचं नाव, खाली घरातली बाकीची. चाळ पाडायची ठरली तेव्हा माझ्या पुतण्यानं, विकासनं, सगळं एक्सेलमध्ये चढवून पिव्हट टेबल, म्हणजे खोलीवार गट पाडून दाखवणारा तक्ता, बनवलं. मीच हट्ट धरला की ते माझ्या रजिस्टरसारखंच दिसायला पाहिजे. दिसलंही. मग त्यात एकेक नाव टाकून, समोर जी खोली येईल तिच्या चिठ्ठ्या छापल्या. रविवारच्या सभेत चिठ्ठीवाल्यालाच सही करता येणार होती, आणि ज्या खोलीची एकही सही नाही ती नव्या घरांच्या सोडतीत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी चौतीस नंबरच्या कांताबाई ऑफिसात आल्या. त्यांच्या घरी एकच चिठ्ठी पोचली होती, त्यांच्या भावाची, कुशाबाची. कुशाबा गेल्या वर्षी वारला.

"माझी कुठाय, सीतारामभाऊ?"

मी त्यांचं नाव टाकून शोधलं. खोलीच्या जागी काहीच आलं नाही. "बघू नंतर," मी म्हणालो. सभेला दोन दिवस होते आणि मी वैतागलेलो होतो. बाई हलल्या नाहीत. चाळीस वर्षं त्या खोलीत काढलेली बाई कुठं जाणार?

माया कामावरून येताना डोकावली आणि खुर्ची ओढून बसली.

"काका, हा नंबर एकदाच का लिहिलाय?"

"खालची सगळी त्याच घरातली. कुणालाही कळतं."

"माणसाला कळतं. कॉम्प्युटर त्या एका ओळीतच बघतो. कांतामावशींच्या ओळीत खोलीची जागा रिकामी आहे ना, मग तो देणार काय?"

तिनं टेबलाची मांडणी बदलली. खोलीचा नंबर प्रत्येक ओळीत पुन्हा येईल असं केलं. मग त्याची वेगळी प्रत काढून नाव डावीकडे घेतलं, खोली त्याच्या उजवीकडे. "जे शोधायचं ते आधी, जे हवं ते नंतर. म्हणजे टेन्शन नाही." पाच मिनिटंही लागली नाहीत. कांताबाईंचं नाव टाकलं, चौतीस आलं. चिठ्ठी छापून हातात दिली तशी ती घडी घालून पदराच्या गाठीत बांधून त्या घरी गेल्या.

माया मात्र उठली नाही. जुनी यादी उघडून रिकामे चौकोन मोजत बसली. सगळ्या घरांतली मिळून एकसष्ट नावं निघाली.

"काका, पाच-सहा पोरगे सोडले तर सगळ्या बायका आहेत."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी उलट बोलून मोकळा झालो असतो. मी यादीवरून बोट फिरवत खाली गेलो आणि एके ठिकाणी थांबलो. राधा सीताराम परब. माझी बायको. बावीस वर्षं तिचं नाव मीच लिहीत होतो, आणि तिच्यासमोरची जागा मीच कोरी सोडत होतो. मला खरंच लाज वाटली.

मायानं उरलेल्या साठ चिठ्ठ्या छापल्या. त्यातली एक मी घरी नेली. राधा भाकऱ्या थापत होती. तिनं हात पुसून चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली. आजवर घरातल्या कुठल्याही कागदावर दोघांसाठी मीच सही ठोकत आलो. तिनं तक्रार केली नाही. आमच्या मालवणीत एवढंच विचारलं,

"सही खंय करूची?"