आक्काचं दोन दिवसांचं बेळगाव

आक्का येणार म्हणून मी आठ दिवस आधीपासून यादी करत बसले होते. किल्ल्याचा खंदक, खडे बाजारातली दुकानं, कॅम्पातलं चर्च, टिळकवाडीचे नवे बंगले, आणि सगळ्यात शेवटी फोटोचं दुकान. शहर बघायला आलेल्या माणसानं काय बघायचं हे मला जेवढं कळतं तेवढं कुणालाच कळत नाही, अशी माझी त्या काळात पक्की समजूत होती. वय पंधरा, काम मागाला सुताच्या कांड्या भरून द्यायचं, आणि तोंड असं की शेजारणी म्हणायच्या, हिला कोण करून घेणार.

आम्ही शहापूरचे विणकर. आई लवकर गेली, तेव्हापासून घरात आप्पा, मी आणि जमिनीत खड्डा करून बसवलेला एक माग. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांकडं, पण घरातून निघाल्यावर राज्य कुठं बदललं हे आम्हाला कधी कळलं नाही. आक्का मात्र लांब, निपाणीकडच्या तंबाखूच्या गावात दिलेली. लग्नाला दीड वर्ष होतंय तोवर दाजी लढाईवर गेले. बेळगावच्या कॅम्पात कवायत शिकले आणि तिथूनच आगगाडीत बसून समुद्रापलीकडं. मुलगी त्यानंतर झाली. ती नऊ महिन्यांची झाली तरी बापानं तिचं तोंड बघितलं नव्हतं.

मग त्यांचं पत्र आलं, कुणा सोबत्याच्या अक्षरात. मधल्या दोन ओळींवर सरकारनं शाई फासलेली, पण खालची ओळ शाबूत होती: पोरीचा फोटो पाठवा, ती कशी दिसते ते एकदा बघू दे. त्या एका ओळीसाठी आक्काच्या सासूनं तिला दोन रात्रींकरता माहेरी सोडलं. फोटो काढायचा तर बेळगावातच, हेही सासूनंच ठरवलं. बाई तशी कडक, पण लेकाच्या बाबतीत मेणाहून मऊ.

सर्व्हिस मोटार तिन्हीसांजेला आली. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी लावलेली, त्यामुळं आक्का उतरली ती काळीठिक्कर होऊन. पोरगी तेवढी पदराखाली स्वच्छ. मी तिला हिसकावूनच घेतलं. तिनं माझ्याकडं बघितलं, माझं नाक धरलं आणि सोडायलाच तयार नाही. मी त्याच क्षणी तिची गुलाम झाले, ते आजतागायत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघी निघालो. आप्पा दुपारनंतर फोटोच्या दुकानात येणार होते. मी माझी यादी म्हणून दाखवली. आक्कानं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली की आधी स्टेशन बघू. आता निपाणीला रेल्वे नाही, हिनं आगगाडी जन्मात बघितलेली नाही, तेव्हा ठीक आहे म्हणलं. पण स्टेशनात गेल्यावर बाई गाडी बघेच ना. मालगाडी आली, वाफ सोडत समोर उभी राहिली, मी पोरीला इंजिन दाखवून नाचवतेय, आणि आक्का हमालाला विचारतेय, पलटणी जातात त्या कुठल्या बाजूनं चढतात? त्यानं हात केला. आक्का त्या टोकाला जाऊन उभी राहिली. दाजी गेले तेव्हा ती पोटुशी, तिला पाठवायला येऊ दिलं नव्हतं. ती जागा तिनं आत्ता बघितली. मी मनात म्हणलं, राहू दे, पाच मिनिटं. ती पाऊण तास उभी होती.

तिथून मी किल्ल्याकडं वळवलं, तर बाईसाहेबांना कॅम्पातलं मैदान बघायचं. का, तर तिथं हे कवायत करायचे. मैदानात काय बघायचं? ऊन आणि धूळ. लांबवर नवे रंगरूट ओळीनं चाललेले, आणि त्यांच्यावर ओरडणारा एक सुभेदार. आक्का झाडाखाली बसली आणि एकेकाची चाल न्याहाळू लागली. मी चिडले. माझा खंदक राहिला, चर्च राहिलं, बंगले राहिले. शहर बघायला आलीस का नवरा, असं मी तिला तोंडावर विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "दोन्ही एकच हाय की गं."  

मग मीही हट्टाला पेटले. भर दुपारी तिला ओढत खंदकापर्यंत नेलं. पाणी हिरवं होतं, त्यात म्हशी होत्या. मी त्या म्हशींचंसुद्धा कौतुक करून दाखवलं, कारण यादीतली एक तरी गोष्ट व्हायला हवी होती. खडे बाजारात बांगड्या बघितल्या, घेतल्या नाहीत. या सगळ्या पायपिटीत पोरगी उन्हानं लाल झाली, रडली, ओरडली, आणि आम्ही फोटोच्या दुकानाशी पोचलो तेव्हा आक्काच्या खांद्यावर गाढ झोपली.

आप्पा दारातच उभे होते. काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. सोडून बघतो तर डाळिंबी लुगडं, कालच मागावरून उतरवलेलं. आता विणकराच्या घरात काय रीत असते ते सांगते. आम्ही लुगडी विणतो, नेसत नाही. मागावरचं लुगडं व्यापाऱ्याचं, त्याची घडीसुद्धा आपण मोडायची नाही. एकदा अंगाला लागलं की ते नवं म्हणून देता येत नाही. आईनं उभ्या जन्मात आप्पांच्या हातचं एक लुगडं नेसलं नव्हतं. आणि हे गृहस्थ आक्काला सांगतायत, नेस म्हणून. आक्काचे डोळे भरले. व्यापाऱ्याला काय सांगणार, मी विचारलं. त्यांनी तिथंच घडी मोडली.

फोटोवाला जाडजूड होता, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलायचा. त्याच्याकडं मागं लावायचे रंगवलेले पडदे होते. एकावर राजवाड्याचा जिना, एकावर तळं आणि बदकं, आणि एक अख्खी मोटार, फळीची, तिच्यामागं बसलं की मोटारीत बसल्यासारखं दिसतं. मला मोटार हवी होती. आक्का म्हणाली साधं असू दे. भांडून भांडून राजवाड्यावर समेट झाला. पोरगी झोपलीय, उठवू का, असं आक्कानं विचारलं, तर फोटोवाला म्हणाला झोपलेलीच बरी, हललं की फोटो बिघडतो. आक्कानं तिला तशीच मांडीवर घेतली.

तेवढ्यात आप्पांनी विचारलं, डाळिंबी रंग दिसेल नव्हं? फोटोवाला म्हणाला, सगळं काळंच येणार. आप्पांचा चेहराच उतरला. पंधरा दिवस तो रंग जमवण्यात घातलेला माणूस. मग म्हणाले की रंग न्हाय तर न्हाय, पदर तरी दिसू दे. आणि पुढं झाले. कापड दाखवायचं म्हणजे काय ते त्यांच्या हातात मुरलेलं. व्यापारी पहिल्यांदा पदर बघतो, म्हणून पदर सगळ्यात वर, पुरता उलगडून, एक सुरकुती नाही. त्यांनी आक्काच्या खांद्यावरून पदर पुढं घेतला, मांडीवर पसरला, काठ सरळ केला, दोन पावलं मागं जाऊन बघितला, परत येऊन चिमटीत धरून ताणला. मला म्हणाले, परमुलखात जावयाला कळू दे, बायको माहेरी सुखात हाय. मीसुद्धा मान डोलावली. काय दिसत होतं ते लुगडं, काय सांगू! फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं आणि हलू नका म्हणून ओरडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आप्पा फोटो आणायला गेलो. आक्काची मोटार दुपारी होती.

फोटोत लुगडं अप्रतिम आलं होतं. पदराची नक्षी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ, काठाचा दोरा न् दोरा वेगळा. आक्काही छान आली होती. आणि पोरगी पदराखाली होती. पुरती. कडेला तिचा एक पाय तेवढा बाहेर आलेला. आम्ही तिघं शहाणे तिथंच होतो, चौथा फोटोवाला, आणि पोरगी झाकली गेलीय हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. सगळेच पदर बघत होतो.

मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं की माझं तोंड सुटतं. मी भर बाजारात आप्पांना बोलले. म्हणलं, "तुमास्नी लुगडं दिसतं आप्पा, मानूस दिसत न्हाय." खरं तर पोरीला उन्हात दमवून झोपवणारी मी. पण ते मला तेव्हा आठवलं नाही, किंवा आठवलं म्हणूनच मी इतकी ओरडले.  आप्पा पूर्ण वाट फोटो हातात धरून चालत राहिले, जसं काही त्यात अजून कुठं पोरगी सापडेल.

आक्कानं फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, चालंल, पाय तरी दिसतोय. आणि ट्रंकेत कपड्यांच्या तळाला घातला. तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ती भाकरी बांधत बसली. परत कधी सोडतील कुणाला ठाऊक, आणि तिकडं लढाई चालू. पुढच्या पत्रापर्यंत दाजी असतील की नाही, हे घरात कुणी उच्चारत नव्हतं. पण आम्ही तिघंही तेच मनात घोळवत होतो.

आप्पा मागावर बसले नाहीत. पोरीला उचललं, जरा फिरवून आणतो म्हणाले आणि गेले. अंगावर रोजची मळकी बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर. तास झाला तरी पत्ता नाही. मोटारीची वेळ झाली. ट्रंक डोक्यावर घेऊन आम्ही दोघी धावतपळत मोटारीच्या थांब्यावर पोचलो, मी वाटेत त्यांच्या नावानं बोटं मोडतेय, आणि मोटार सुटायच्या बेतात असताना आप्पा घामाघूम होऊन आले. पोरगी त्यांच्या डोक्यावरचं मुंडासं ओढत खिदळत होती. त्यांनी तिला आक्काच्या मांडीवर दिलं, एवढंच म्हणाले, "फोटो झाला. मी टपालात टाकतो." मोटार हलली. आक्का खिडकीतून काहीतरी विचारत होती, कोळशाच्या धुरात ऐकू आलं नाही.

चार दिवसांनी त्यांनी फोटो आणला तेव्हा मी तो बघितला. मागं ना राजवाडा ना तळं, पडदाच काढायला लावलेला, नुसती भिंत. कापड घातलेल्या मेजावर पोरगी उभी, उघडीवाघडी, डोळे वटारून बघणारी, तोंडात नुकताच आलेला एक दात. आणि तिच्या कमरेभोवती दोन हात. आप्पा मेजामागं खाली बसले होते. मी विचारलं, तुम्ही का न्हाय आला फोटोत? फोटोवाल्यानंही तेच विचारलं म्हणे. आप्पा म्हणाले, "बापलेकीच्या मधी काय यायला नगं."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. आमच्याकडं असं उगीच कुणी पाया पडत नाही, आणि माझ्यासारखी तोंडाळ पोर तर नाहीच. मी त्यांना चहा करून दिला, साखर जास्त घातली. ते तो बशीत ओतून प्याले आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले.

दाजींचं उत्तर यायला पाच महिने लागले; आक्कानं ते आमच्याकडं धाडलं. पोरीचं तोंड बघितलं, असं लिहिलं होतं. रोज बघतो. डोळे माझ्या आईचे आहेत. आणि खाली, आप्पांना सांगा, हात ओळखला. आप्पांच्या उजव्या हाताचं मधलं बोट मागावरच्या धोट्याचा मार बसून वाकडं झालेलं होतं, ते दाजींच्या ध्यानात राहिलं होतं. मी हे वाचून दाखवल्यावर आप्पा उठून परसात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

लढाई संपायच्या आधीच्या थंडीत आप्पा गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. बाराव्याला भटजींनी विचारलं, पाटावर ठेवायला फोटो आहे का? नव्हता. आम्ही नुसतं त्यांचं मुंडासं ठेवलं.

दाजी पुढच्या वर्षी सुखरूप परतले. वर्षश्राद्धाला तिघंही शहापूरला आली. दाजींनी खिशातल्या पाकिटातून तो फोटो काढला, कडा झिजलेल्या, मधे घडी पडलेली, आणि काही न बोलता पाटावर ठेवला. भटजी हार घालायला पुढं झाले आणि थबकले. फोटोत तर जितीजागती पोर, तिला हार कसा घालायचा? खरंच होतं. सगळे एकमेकांकडं बघू लागले.

आक्का पुढं आली. हार बाजूला ठेवला. करंगळीवर गंध घेतलं आणि त्या दोन हातांच्या एकेका बोटाला लावलं, वाकड्या बोटालाही.

पोरगी आता चार वर्षांची. आईच्या खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, ह्यात मी हाय, आज्जा कुठं हाय?

"हे काय," आक्का म्हणाली, "तुला धरून हायत की."