पाहुण्यांसाठी भरलेला डोह

"कुणी वतलं? म्या म्हन्तो, कुणी वतलं हे पानी?"

माझे काका ओढ्याच्या काठावरून असे ओरडत होते, की समोरच्या डोंगरावरचे दोन धोंडे तरी नक्की घरंगळले. काका गावचे सरपंच. आणि त्यांच्यासमोर भर मे महिन्यात कातळातला डोह काठोकाठ भरलेला! आदल्या संध्याकाळी त्याच डोहात एक सरडा जीभ बाहेर काढून पडला होता.

सगळ्या बायांनी काकूकडे पाहिलं. काकूने डोंगराकडे पाहिलं.

गोष्ट अशी, की काकूला बंधारा हवा होता. दोनशे मेंढरं उन्हाळाभर रोज नदीवर न्यायची नि परत आणायची, यात तिच्या चपला झिजून नुसते अंगठे उरले होते. बंधाऱ्याला पैसा केंद्राचा; पण खोऱ्यातल्या सगळ्या राज्यांनी मान डोलावली तरच. आमच्या ओढ्यात टाकलेली चूळ मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत जाते आणि दोन राज्यं (तेव्हा दोनच होती) पालथी घालून समुद्रात पडते. तेव्हा चूळ अडवायची, तरी त्या दोघांना विचारून. म्हणून केंद्राचे साहेब आणि खालच्या दोन राज्यांचे साहेब आमचा कोरडा ओढा बघायला येणार होते. कोरडा! काकांनी तो कोरडेपणा पंधरा दिवस डोळ्यांत तेल घालून जपला होता.

आणि काकूने सकाळीच बाया जमवून घरोघरचे हंडे डोहात रिते केले. पाहुण्याला कोरडं भांडं दाखवायचं नाही, ही आमची रीत. मग तांब्या काय नि डोह काय!

तेवढ्यात गाड्या आल्याच. केंद्राचे साहेब म्हणाले, "पानी तो है! फिर बंधारा किसलिए?"

"साब, ये पानी कल न्हाई था," काका घाम पुसत म्हणाले. "हमारी मंडळी ने वत्या."

पण ऐकतो कोण? इथे एवढं साठतंय म्हणजे आमच्या वाट्याचं अडवलंय, असं खालच्या राज्याचे साहेब म्हणाले. त्याच्याही खालचे म्हणाले, तुमच्या कसलं, आमच्या वाट्याचं! गाडीच्या बॉनेटवर नकाशे पसरले. बायांच्या हंड्यांचे वाटे पडू लागले. एकाने तर आपला हिस्सा म्हणून कातळावर खडूने रेघ मारली. खोटं सांगत असेन, तर त्याच डोहात बुडून मरेन.

या गडबडीत एक गोष्ट सगळेच विसरले. हंडे वाहण्याच्या नादात काकूने मेंढरं त्या दिवशी नदीवर नेलीच नव्हती. जाळीच्या कुंपणात कोंडलेल्या एडक्याला पाण्याचा वास लागला, आणि तो जाळी शिंगांना गुंडाळूनच निघाला. मागे दोनशे मेंढरं. साहेबलोक लोकरीत कमरेएवढे बुडाले. एक जण तर टायसकट मेंढीवर बसून पार बाभळीपर्यंत जाऊन आला. नकाशांच्या घड्या होईपर्यंत डोह चाटूनपुसून लख्ख! उरली ती खडूची रेघ.

केंद्राच्या साहेबांनी वाकून कातळाला हात लावला. मग उरलेल्या दोघांनीही लावला. भांडायला थेंबही शिल्लक नव्हता, तेव्हा तिघांचं एकमत झालं आणि त्यांनी उभ्या उभ्या सह्या ठोकल्या : पाणी नाही, बंधारा हवा.

काका असे फुगले, की सदऱ्याचं वरचं बटण तुटून ओढ्यापलीकडे गेलं.

"अगं, बगतीस काय? सायबास्नी च्या टाक! साखर जास्तीची टाक!"

काकूने रिकामा हंडा काखेत घेतला.

"घरात पानी न्हाई."