शिक्षा मिलेगी?
“मैडम खुद कह रही थीं, यहाँ शिक्षा नहीं मिलेगी,” हापशापाशी एक बाई शेजारणीला सांगत होत्या, आणि त्यांनी मुलीचं मनगट घट्ट धरलं होतं. लखनौजवळच्या चिनहटच्याही पुढच्या त्या गावाला शाळा लांब पडायची, म्हणून गावकऱ्यांनीच एका ओसरीत वर्ग सुरू केला होता. सारवलेल्या जमिनीचा ओला वास अजून हवेत होता. मी पुण्याहून नुकतीच लखनौला आलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, त्या वर्गावर शिकवायला लागलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. थोड्या वेळापूर्वी त्याच बाईंनी मला विचारलं होतं, “यहाँ बिटिया को शिक्षा मिलेगी?” हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला माहीत होतं, पण घाबरले की मी सगळं मराठीतच ऐकते. वाटलं, यांना छडीची धास्ती आहे. मी हसून म्हणाले होते, “बिलकुल नहीं!” आता त्या बाई मुलीला घेऊन घरी निघाल्या. ती सारखी मागे वळून बघत होती. माझी चूक मला आत्ता कळली, पण सगळ्यांसमोर हाक मारायचा धीर होईना. ते तिचं बघणं आजही आठवलं की मान खाली जाते. मायलेकी वळणापर्यंत पोचल्या, तेव्हा कुठे मी अनवाणीच धावत सुटले आणि ओरडले, “चाची, रुकिए! हमारी मराठी में शिक्षा माने पिटाई! बिटिया को मारूँगी नहीं, पढ़ाऊँगी!”