अकाइती वहिनींची पांढरी विजार

आमच्या तितिकावेका गावातून कुणी दुसऱ्या बेटावर निघालं, की सामानात त्याचं स्वतःचं म्हणावं असं फार थोडं असतं. दोन फुलाफुलांचे झगे, चर्चची टोपी, संपलं. बाकी सगळा माल परका. कुणाच्या बहिणीसाठी टिनमधलं मटण, कुणाच्या जावयासाठी गळाची दोरी, कुणाच्या सासूसाठी गोठवलेल्या कोंबडीच्या तंगड्या. हे सगळं बर्फाच्या पेटीत कोंबायचं, झाकणाला चिकटपट्टी मारायची आणि पट्टीवर मोठ्या अक्षरात नाव घालायचं. विमानात खरी बसते ती पेटी. माणूस तिला उचलायला बरोबर जातो.

म्हणून अकाइती वहिनी एका लहानशा पिशवीत फक्त स्वतःचे कपडे घेऊन ऐतुताकी बेटावर निघाल्या आहेत, ही बातमी आली तेव्हा मी आधी विश्वास ठेवला नाही. मग खात्री करून घेतली. मग ती चार घरी पोचवली. आता चार घरांनी ती आणखी चाळीस घरी पोचवली, त्याला मी काय करणार?

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, तेइनाची बायको. तेइना जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्यामागे वहिनींनी दोन मुलं वाढवून न्यूझीलंडला धाडली आणि स्वतः किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या धोबीखान्यात कामाला राहिल्या. कोणताही डाग दाखवा, वहिनी तो काढणार. वाइन, आंबा, लिपस्टिक, काहीही. आणि वहिनींची दुसरी ख्याती म्हणजे अळू. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आमच्याकडे घरोघर होतात, पण वहिनींच्या हातची पानं जिभेवर ठेवली की विरघळायची. या ख्यातीनेच घात केला. लग्न असो, मयत असो, चर्चचा मेळा असो, वहिनींना बोलावणं यायचंच. ऐतुताकीला त्या अनेकदा गेल्या. विमानातून उतरल्या की थेट माझ्या बहिणीच्या, इनानोच्या, मागीलदारी. हातात सुरी, पुढ्यात पानांचा ढीग. ज्या निळ्या पाण्यात डुंबायला लोक अर्धं जग ओलांडून येतात, त्या पाण्यात वहिनींनी आजवर फक्त पातेली घासली होती.

तर झालं असं, की हॉटेलवाल्यांनी जुन्या नोकरांना ऐतुताकीच्या त्यांच्या दुसऱ्या हॉटेलात थोडे दिवस राहायला धाडायचं ठरवलं. वहिनींचा नंबर लागला. तारीख हॉटेलवाल्यांनीच ठरवली आणि नेमका त्याच शनिवारी इनानोच्या नातवाच्या केसकापणीचा सोहळा. आमच्याकडे पहिल्या मुलाचे केस वाढवतात आणि मग सगळ्या गणगोताला जेवायला बोलावून एकेकाच्या हाताने एकेक बट कापतात. म्हणजे अळू आलंच. सगळ्यांनी मनात धरलं, की देवानेच योग जुळवला. हॉटेलात नुसती झोपेल, दिवसभर इनानोकडे राबेल.

वहिनींच्या मनात मात्र वेगळंच होतं. मी त्यांच्या ओसरीवर सहज डोकावलो, म्हणजे बातमी काढायलाच गेलो, तेव्हा त्या शिवणयंत्रावर वाकून पांढरंशुभ्र कापड शिवत होत्या. कापड ओळखीचं वाटलं.

"वहिनी, ही तर हॉटेलातली चादर."

"भोक पडलेली. बाद केलेली. विचारून आणलीय."

"मग आता अंथरूण अंगात घालून हिंडणार?"

"इतकी वर्षं या चादरींना मी इस्त्री केली आणि लोळले दुसरेच," वहिनी म्हणाल्या. "जाड सुती कापड आहे, भावजी. घाम पितं, अंगाला चिकटत नाही, पडतं कसं बघा. दुकानात असं मिळवून दाखवा."

ती विजार होती. लांब, ढगळ, कमरेला नाडी. वर त्याच कापडाचा सैल, लांब बाह्यांचा सदरा. आमच्याकडे पांढरं घालतात ते रविवारी चर्चला, तेही झगा. विजार घातलेली वहिनी कुणी बघितली नव्हती. मी म्हटलं, पांढरं कशाला? बोटीवर बसाल, वाळूत बसाल, क्षणात मळेल. एखादं फुलाफुलांचं शिवा, डाग पचतात.

वहिनींनी यंत्र थांबवलं. "फुलाफुलांच्या झग्यात मला कुणी बघितलं की काय करतं ठाऊक आहे? हातात सुरी देतं, नाहीतर मूल देतं. पांढऱ्या विजारीतल्या बाईला कुणी अळू चिरायला बसवतं का?"

मी ओसरीवरच बैठक मारली.

मग त्यांनी बाकीचे कपडे दाखवले. धोबीखान्यात बसून पाहुण्यांच्या सुट्ट्या वहिनींनी कपड्यांवरून वाचल्या होत्या. बायका टाचेचे बूट आणतात, ते पहिल्याच संध्याकाळी वाळूत रुततात. झुळझुळीत झगे आणतात, ते घामाने पाठीला चिकटतात आणि एकदाच धुवायला येतात. कडक काठाच्या टोप्या बॅगेत चेपून येतात. पुरुष कडक इस्त्रीचे शर्ट आणतात आणि तिसऱ्या दिवसापासून एकाच चड्डीत हिंडतात. वहिनींचं मत असं, की माणूस सुट्टीला जाताना भलत्याच कुणाचेतरी कपडे भरतो, मग तिथे गेल्यावर ते कुणीतरी भेटतच नाही.

स्वतःसाठी त्यांनी मोजकंच घेतलं होतं. बोटीसाठी गुडघ्यापर्यंतचा निळा झगा, बिनबाह्यांचा, दोन्ही बाजूंना खोल खिसे. एक मोठा पारेऊ, म्हणजे आमचा तो छापील पंचा, जो गुंडाळला तर कपडा, पसरला तर सतरंजी, आणि आंघोळीनंतर अंग पुसायलाही तोच. प्रवाळ पाय कापतं म्हणून रबरी तळाच्या चपला. टोपी चर्चची नाही, केतकीच्या पानांची जाडीभरडी, पाण्यात बुचकळून डोक्यावर ठेवता येईल अशी. आणि सणासुदीला ती पांढरी जोडी. हे सगळं मावेल आणि वर एक टिनही मावणार नाही, इतकीच पिशवी त्यांनी शिवली होती. पिशवी बघून मला त्यांच्या निश्चयाची खरी ओळख पटली.

पुढच्या आठवड्यात वहिनींच्या ओसरीवर पेट्या येऊ लागल्या. शेजारची नूरोआ सगळ्यात मोठी पेटी घेऊन आली. या बाईने जन्मात कुणाला रिकाम्या हाताने जाऊ दिलेलं नाही, आणि कुणाला काही कळल्याशिवाय राहूही दिलेलं नाही. दुसऱ्या बाबतीत माझं आणि तिचं पटतं.

"थोडंसंच आहे, आक्का," नूरोआ म्हणाली. "माझ्या बहिणीला द्यायचं."

वहिनींनी पिशवी आणून तिच्यापुढे उघडी धरली. "बसत असेल तर ठेव."

नूरोआने पेटीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. म्हणाली, दुसरी मोठी बॅग देते की. वहिनी म्हणाल्या, बॅग तुझी, पेटी तुझी, बहीणही तुझी, मग तूच का जात नाहीस? नूरोआ रागावून गेली. जाता जाता माझ्याकडे थांबून रागावली, म्हणून मला शब्द न् शब्द कळला. गावात बोलणी सुरू झाली. हॉटेलात राहून डोक्यात हवा गेली, म्हणे. नणंदेच्या घरी कार्य आणि ही पाहुणी होऊन जाणार, म्हणे. चर्चबाहेर बायका त्यांच्याशी नेहमीपेक्षा जरा कमी बोलल्या. वहिनींना ते लागलं. मला दिसलं, कारण त्या दिवशी त्यांनी माझ्या थट्टेला उत्तर दिलं नाही. पण घरी जाऊन त्यांनी विजारीच्या बसायच्या जागी दुहेरी शिवण घातली.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. पण माझी सख्खी बहीण तिथे, बोटवाला तिच्या शेजारचा आणि फोन माझ्या हातात. बघितल्यापेक्षा जास्तच कळलं.

विमानतळावर इनानो फुलांचा हार आणि मालाची गाडी घेऊन हजर होती. गाडीच्या मागच्या बाजूला अळूच्या पानांच्या जुड्या. वहिनींनी हार गळ्यात घातला, आमच्या रीतीप्रमाणे नणंदेचे गाल हुंगले आणि "शनिवारी येते हं, वन्सं" म्हणून हॉटेलच्या गाडीत चढल्या. इनानो तिथेच उभी राहिली. मला फोन करून म्हणाली, "दादा, वहिनीला काही झालंय का? तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी निळ्या झग्यातल्या वहिनी बोटीवर होत्या. बोटवाल्याने सांगितलं, की त्यांनी चपला घालून पाण्यात पाय टाकला, जराशा पुढे गेल्या आणि पाठीवर पडून तरंगत राहिल्या. इतका वेळ, की याला वाटलं बुडाली की काय. हाक मारली तर म्हणाल्या, "जिवंत आहे. गप्प बस." खिशात त्यांनी केळी नेली होती. एकही कुणाला दिलं नाही.

आणि मग शनिवार. इनानोच्या अंगणात मांडव, खुर्चीवर रंगीत गोधडी घातलेली, तिच्यावर नातू बसलेला, केसांच्या बारीक वेण्या फितींनी बांधलेल्या. मागीलदारी माझ्या भाचेसुनेने चुलीवर अळू चढवलेलं. वहिनी आल्या त्या पांढऱ्या विजारीत, पांढऱ्या सदऱ्यात, कानामागे एक लाल फूल. माना वळल्या. कुणीतरी पुटपुटलं, सरकारी पाहुणी कोण आली? ओळखल्यावर हसू फुटलं. वहिनी पुढच्या रांगेत बसल्या.

अळूचं तुम्हाला सांगायला नको. पानं कच्ची राहिली की घसा खाजतो. आणि वहिनींचं नाक असं, की मांडवात बसून त्यांना कळलं, नारळाचं दूध घाईने ओतलंय, पानं अजून शिजलेली नाहीत. इनानो सांगते, वहिनींनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिल्या.

शेवटी इनानोच आली. "वहिनी, उठ गं. पानं बघ जरा. सुनेला अंदाज नाही."

"वन्सं, बघा ना मी काय घातलंय."

"माझा झगा देते. बदल आत जाऊन."

"तुमचा झगा घातला की मी तुमची वहिनी. हे आहे तोवर पाहुणी. आज पाहुणी राहते."

"आणि लोकांचे घसे खाजले तर?"

"तर पाणी द्या," वहिनी म्हणाल्या. "मलाही द्या."

इनानोने कमरेवर हात ठेवले. तिचा राग मला माहीत आहे, लहानपणी तिने माझ्या पाठीत नारळ मारला होता. पण तेवढ्यात केस कापायला नावं पुकारू लागले. अकाइतीचं नाव आलं आणि सवयीने दोघीतिघी म्हणाल्या, ती मागे आहे, तिच्या नावाने कुणीतरी कापा. गणगोतातल्या कितीतरी पोरांची केसकापणी झाली, पण वहिनींची बट दरवेळी दुसऱ्याच कुणीतरी कापलेली. अळूचे हात धुऊन येईपर्यंत पोराचं डोकं मोकळं झालेलं असायचं.

"मी इथे आहे," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या. कात्री घेतली, फितीची एक वेणी धरली, सावकाश कापली. पोराच्या गालाचा मुका घेतला. पैशांचं पाकीट ठेवलं. परत जागेवर येऊन बसल्या, तेव्हा शेजारी इनानो बसली होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

घसे खाजलेच. पाद्रीबाबा जेवणानंतरच्या प्रार्थनेत तीनदा खोकले आणि आमेनला त्यांचा आवाजच फुटेना. भाचेसून रडवेली झाली, पण पातेलं मात्र रिकामं झालं. वहिनींनी दोनदा मागून घेतलं, एक शब्द बोलल्या नाहीत, पाणी प्यायल्या. निघताना सुनेच्या कानात काहीतरी सांगितलं. ते काय, हे इनानोलाही कळलेलं नाही आणि मला त्याची फार रुखरुख आहे.

वहिनी परतल्या आणि दुसऱ्या दिवशी पांढरी विजार त्यांच्या दोरीवर वाळत होती. नूरोआ कुंपणापाशी केव्हाची घुटमळत होती. मला हाक मारली. विजारीवर हिरवा डाग होता, हाताच्या पंजाएवढा.

"बघा," नूरोआ म्हणाली. "अळू. शेवटी राबलीच ना? उगाच सगळा तोरा."

मी दोरीपाशी गेलो, डाग नीट बघितला. स्वयंपाक करणाऱ्याचा डाग बाहीवर पडतो, पोटावर पडतो. हा होता बरोबर मांडीवर, जेवताना ताटातून सांडलेला. सदऱ्याच्या बाह्या शुभ्र होत्या. मी हे नूरोआला दाखवलं. तिने बाह्या उलटसुलट करून बघितल्या.

तेवढ्यात वहिनी दारात आल्या. नूरोआने विचारलं, "आक्का, तुला हा डाग काढता येत नाही?"

"येतो की," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

डाग अजून तसाच आहे. विजार त्या मिरवून घालतात. पुढच्या आठवड्यात नूरोआ एक जुनी चादर काखेत मारून वहिनींच्या ओसरीवर गेली. पेटी घेतली नव्हती. आणि परवा आमच्या घरी दोरीवर एक पांढरी चादर दिसली. मी आमच्या हिला विचारलं, ही कशाला काढली?

"माझ्या बहिणीच्या घरी कार्य आहे ना, मांगाइया बेटावर," ही म्हणाली. "तुम्ही वहिनींकडे जा आणि अळू किती शिजवायचं ते विचारून या. नीट ऐका. तिथे मी सांगायला उठणार नाही."