उकळून पाहिलेलं लाकूड

माझा दोस्त सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेर गावात माझ्या सुतारकामाच्या दुकानात रंधा मारत होतो. फोन ठेवला आणि पुन्हा रंधा मारायला लागलो... इतका राग होता माझा त्याच्यावर. आठ महिन्यांचा अबोला.

तंत्रशाळेत फिटरकाम शिकवणाऱ्या या माणसाला पन्नाशीत शर्यतीच्या बोटीचं खूळ लागलं. कॅटामरान! दोन अरुंद जुळ्या होड्या, मधे आडवे पाइप, वर शीड. टँकरची वाट बघणाऱ्या गावात बोट म्हटल्यावर लोक हसले, मीही हसलो. पण सामान निवडायला त्याच्यासोबत मीच हिंडलो. डोलकाठीसाठी तुषार सिंचनाचा ॲल्युमिनियमचा पाइप त्यानं आडतीच्या काट्यावर तोलून घेतला. शिडाला ताडपत्री दाखवली तर म्हणाला, "ही वाऱ्यात ताणती, न्हाय चालायची." लई चिकित्सक.

होड्यांचं प्लायवूड मी आणून दिलं. पाण्यात टिकंल, असा शब्दही दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो, तर वहिनींच्या पातेल्यात त्याचाच तुकडा उकळत होता.

"थर सुटतात का बघतोय," तो म्हणाला.

"तीस वर्षं लाकडात काढली म्या. माझा शब्द उकळतोस व्हय?"

"पाण्याला तुझा शब्द कुठं कळतो, गड्या?"

चहा न घेता उठलो, तो पुन्हा त्याची पायरी चढलो नाही. माझं लाकूड त्यानं फेकलं असणार, असंच धरून चाललो.

बोट झाल्यावर त्याचा निरोप आला. एकट्याला उचलत नाही, ये, धरणावर पाण्यात टाकू, हिवाळ्यात शर्यत आहे. मी उलट निरोप धाडला, "आधी मला उकळून बघ म्हणावं." पंधरा दिवसांत तो हार्ट अटॅकनं गेला. हलकट मी, दुसरं काय!

महिन्यानं धीर करून त्याच्या घरी गेलो. बोट सुटी केलेली. एका होडीचा वरचा तक्ता काढून त्याच्या भावानं तीत पाणी भरलं होतं आणि बैल पीत होता.

"अरे, शर्यतीची बोट आहे ती!" मी ओरडलो.

"मग काय पूजा करू तिची? पंधरा दिस झाले, थेंब गळला न्हाय."

वहिनींनी आतून तो उकळलेला तुकडा आणून माझ्या हातात दिला. एकही थर सुटला नव्हता.

"तुमचंच लाकूड लावलंय, भाऊजी. तुम्ही आल्याशिवाय पाण्यात टाकायची न्हाय म्हणायचे..."

मी खाली बसलो आणि होडीच्या बुडाला खालून हात लावून पाहिला. कोरडं होतं.